लेकीच्या जीन्सवर चंद्राची धूळ

पत्र, थोडं कापून:

"डॉक्टर, माझी लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चंद्रावर चालणाऱ्या गाडीचं चाक हा तिच्या गटाचा प्रोजेक्ट. चाक चालवून बघायला त्यांनी कॉलेजातच चंद्राची नकली माती केली आहे. थोडी विकतची, बाकी क्रशरवरची पावडर आणून आणखी दळलेली, चाळलेली. रोज संध्याकाळी ती जीन्सवर राखाडी धूळ घेऊन घरी येते. मी ती राजांगणात झटकते आणि मग धुते. दोन आठवडे झाले, ती सारखी शिंकते, रात्री नाक चोंदतं. लहानपणी तिला दम्याचा पंप होता, पाचवीनंतर सुटला. जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली की चंद्राच्या धुळीने फुप्फुसातल्या ९० टक्के पेशी मरतात. लेक म्हणते, ही नकली आहे, नकलीला काय घाबरायचं? शिवाय नवीन बातमी आहे म्हणे की ती रस्त्यावरच्या धुळीपेक्षा बरी. तिचे बाबा खाणीवर टिप्पर चालवायचे. ते म्हणतात, आम्ही जन्मभर धूळ खाल्ली, काय झालं? त्यांना सकाळचा खोकला आहे, पण तो जुनाच. तिला प्रोजेक्ट सोडायला सांगू का? आणि एक. चवथीला चांद्रयानाचा देखावा करायचा म्हणून तिने त्या मातीची बरणी घरी आणून ठेवली आहे. ठेवू की टाकू? – एक आई, साखळी (गोवा)"

ताई,

प्रोजेक्ट सोडायला सांगू नका. पण तिची जीन्स झटकणं आजपासून बंद करा. तुमच्या घरात ही धूळ हवेत उडवण्याचं काम सध्या एकच माणूस करतो आहे, आणि त्याचं नाक तिच्यापासून हातभर अंतरावर आहे.

आता लेकीचा प्रश्न. नकलीला काय घाबरायचं? मला तो आवडला, कारण त्याचं उत्तर तिला वाटतं त्याच्या उलटं आहे. त्यासाठी आधी खऱ्या धुळीकडे जाऊन येऊ.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट चंद्रावर उतरले. तिथे गेलेल्या बारा जणांत पेशाने भूवैज्ञानिक असे ते एकटेच. बाहेरचं काम आटोपून यानात परतल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि सुटांना चिकटून आत आलेली धूळ नाकात गेली. नाक आतून सुजलं, चोंदलं. त्यांनी त्याला चंद्रावरचा 'हे फिव्हर' म्हटलं, म्हणजे फुलोऱ्याच्या दिवसांत परागकणांनी काहींना होते तसली सर्दी. काही तासांत ते उतरलं, पुढच्या खेपांना त्रास कमी झाला. या धुळीला जळलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास येतो, हेही अंतराळवीरांनी सांगून ठेवलं आहे. सूट पृथ्वीवर आल्यावर ते हाताळणाऱ्या एका डॉक्टरलाही त्रास झाला, आणि त्याचा दर वेळी वाढत गेला. मला हा डॉक्टर श्मिटपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो चंद्रावर गेलाच नव्हता. त्याने फक्त कपडे उघडले होते.

ती धूळ एवढी खवचट का? मांडवीच्या काठची रेती चिमटीत घेऊन चोळा. कण गोलसर लागतात, कारण पाण्याने त्यांना वर्षानुवर्षं एकमेकांवर घासलेलं असतं. चंद्रावर पाणी नाही, वारा नाही. तिथे उल्का आपटतात, दगड फुटतो, थोडा वितळतो, त्याची काच होते, ती पुन्हा फुटते. कडा घासणारं कुणी नसल्यामुळे कण अणकुचीदार ते अणकुचीदारच राहतात. काचेत लोखंडाचे अतिसूक्ष्म ठिपके अडकलेले असतात. आणि ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर जी रासायनिक तडफड असते, ती इथल्या दमट हवेत निवते. चंद्रावर हवाच नसल्याने ती तशीच टिकून राहते.

यातलं बरंचसं तुमच्या लेकीच्या ट्रेमध्ये नाही. म्हणजे ती म्हणते त्यात तथ्य आहे. पण नकली मातीत असं एक असू शकतं जे चंद्रावर जवळपास नाहीच: क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, स्फटिकरूप सिलिका. ते आपल्या पृथ्वीचं देणं आहे. तिची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही, क्षयाचा धोका वाढतो, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरशी तिचं नातं पक्कं झालेलं आहे.

लेकीला एक विचारा: तुमची माती चंद्राच्या कोणत्या गोष्टीची नक्कल आहे? कारण अशी प्रत्येक माती एका कामापुरती नक्कल असते. नासाची जेएससी-१ ही जुनी प्रसिद्ध माती अ‍ॅरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून केली. इस्रोने चांद्रयान-२ च्या तयारीत तमिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातला, सित्तमपुंडी भागातला अनॉर्थोसाइट हा दगड दळून घेतला, कारण चंद्राच्या डोंगराळ भागातला दगड त्या जातीचा आहे. चाक किती रुततं हे बघायचं असेल तर कणांचा आकार आणि घर्षण जुळलं की झालं, रसायन जुळायची गरज नसते. पोरांनी चाकासाठी जुळवलं असणार आणि ते बरोबरच आहे. नाकासाठी मात्र कुणी जुळवलेलं नाही.

म्हणून पहिली चौकशी दगडाची. क्रशरवरचा दगड सत्तरी तालुक्याच्या घाटाकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट असेल, तर त्यात मोकळं क्वार्ट्झ अगदी कमी असतं. ग्रॅनाइटच्या जातीचा असेल, तर दगडाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त क्वार्ट्झ सहज निघतं. काळा दिसतो म्हणजे बेसॉल्टच असंही समजू नका. विकतच्या मातीबरोबर सेफ्टी डेटा शीट येते. तिच्यात 'स्फटिक सिलिका' या नावापुढे टक्केवारी दिलेली असते, ती वाचायला सांगा. क्रशरच्या पावडरीला असला कागद नसतो. तिची एक्स-रे डिफ्रॅक्शन तपासणी करून घ्यावी लागेल, म्हणजे पुडीत कोणतं खनिज किती ते कळतं. गोवा विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग आहे, प्रोजेक्टच्या सरांनी तिथे विचारलं तर वाट निघेल. चमचाभर पूड लागते.

आकडे दोनच सांगते. नासाने अंतराळवीरांसाठी चंद्राच्या धुळीची मर्यादा ठरवली आहे: सहा महिन्यांच्या मोहिमेत, अधूनमधून धूळ आत येते असं धरून, एक घनमीटर हवेत सरासरी ०.३ मिलिग्रॅम. अमेरिकेत कामगारांसाठी स्फटिक सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या पाळीला सरासरी ०.०५ मिलिग्रॅम. एक मोहिमेपुरती, दुसरी नोकरीच्या सगळ्या वर्षांसाठी, त्यामुळे त्या शेजारी ठेवून वजाबाकी करण्याजोग्या नाहीत, पण कल कुणीकडे आहे ते दिसतं. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे किती? मिठाचा एक बारीक दाणा. तो कुटून वस्त्रगाळ करा आणि मीटरभर लांब, रुंद, उंच पेटीतल्या हवेत पसरवा. डोळ्यांना काहीही दिसणार नाही.

दिसत नाही हीच मेख आहे. लेकीच्या जीन्सवर दिसते ती जाड धूळ, ती नाकात आणि घशातच अडते. शिंका तिच्याच. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात ते साधारण चार मायक्रॉनहून बारीक कण. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली तर हिशेब कळेल. कवडशात नाचणारे कण खाली बसले तरी हे बारीक तासन्‌तास हवेत राहतात. धूळ बसली असं म्हणून पोरं मास्क उतरवतात, तेव्हा फक्त दिसणारी बसलेली असते.

आता जाऊबाई विरुद्ध लेक. दोघींच्या बातम्या खऱ्या आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रूक विद्यापीठात नकली चंद्रमातीची बारीक पूड माणसाच्या फुप्फुसाच्या आणि उंदराच्या मेंदूच्या पेशींवर टाकली. काही नमुन्यांत ९० टक्क्यांपर्यंत पेशी मेल्या. पण त्या पेशी बशीतल्या. बशीला नाकातले केस नाहीत, शेंबूड नाही, खोकला नाही. आणि जाऊबाईंच्या लक्षात आलं का बघा, ती पूडही नकलीच होती! २०२५ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी नव्या नकली माती घेऊन तिथल्या गजबजलेल्या रस्त्याच्या हवेतल्या धुळीशी तुलना केली, तर रस्त्याची धूळ पेशींना जास्त जाचक निघाली. यावरून चंद्रमाती निरुपद्रवी ठरत नाही, रस्त्याची धूळ वाईट ठरते. पणजीचा बसस्टँड माहीत असलेल्या बाईला हे सांगायला नको.

मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो तिसराच प्रयोग, कारण त्यात खरी धूळ होती. अपोलो १४ ने आणलेली धूळ दळून उंदरांना चार आठवडे हुंगवली, आणि जोडीच्या प्रयोगात ती थेट त्यांच्या श्वासनळीत घातली. निष्कर्ष असा की ती टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा, म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात त्या पुडीपेक्षा, जास्त अपायकारक आणि क्वार्ट्झपेक्षा कमी. पुन्हा क्वार्ट्झच वर.

तेव्हा तुमच्या लेकीने 'चंद्र' हा शब्द डोक्यातून काढावा. ती दगडाची पूड दळते आहे. चिऱ्याच्या खाणीवर, ओट्याचा ग्रॅनाइट कापताना जी खबरदारी घ्यायला हवी, तीच इथे. (घ्यायला हवी म्हटलं, घेतात म्हटलेलं नाही.)

मागे एका कॉलेजात मला बोलावलं होतं, तेव्हा शेजारच्या खोलीत पोरं असंच काही चाळत होती. मे महिना. डोक्यावर पंखा पाचवर. चाळणीतून पडणारी धार पंख्याच्या वाऱ्याने एका बाजूला कलत होती, आणि त्या बाजूला एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिघांपैकी दोघांचे मास्क हनुवटीवर. काम संपल्यावर शिपाईकाका कोरडी केरसुणी घेऊन आले आणि दहा मिनिटांत त्यांनी खाली बसलेलं सगळं पुन्हा वर चढवलं. कुणाचीच नियत वाईट नव्हती. खोलीच तशी होती.

लेकीच्या खोलीत काय काय बदलता येईल ते बघा. दळण आणि चाळण चालू असताना पंखा बंद. घाम येईल, म्हणून ते काम सकाळी आणि थोडं थोडं करायचं. बॉल मिल, म्हणजे दळायचं यंत्र, थांबल्याबरोबर त्याचं झाकण उघडायचं नाही, आतली धूळ बसू द्यायची. चाळणीला वर झाकण, खाली तळ, आणि शक्यतो फ्यूम हूडखाली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या हवा ओढून घेणाऱ्या कपाटात, किंवा खेचणाऱ्या एक्झॉस्टजवळ. सांडलेलं ओल्या फडक्याने पुसायचं. केरसुणी नको, आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे साफ करायचा पराक्रम तर अजिबात नको. मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२, नाकावरची पट्टी दाबून, दोन्ही इलास्टिक डोक्यामागून. सर्जिकल मास्कच्या बाजूंनी हवा आत येते, आणि ओढणी म्हणजे मनाची समजूत. गटातल्या दाढीवाल्यांना सांगा की दाढीवर मास्क बसत नाही. लेन्स वापरत असेल तर त्या दिवशी चष्मा.

हे सगळं जमलं तरी दळण-चाळणीचं काम तिने करू नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण चंद्र नाही, तिचा पाचवीतला पंप आहे. दमा सुटतो म्हणतात, पण पुष्कळदा तो झोपलेला असतो. दोन आठवड्यांच्या शिंका आणि रात्री चोंदणारं नाक ही त्याची कूस बदलणं असू शकतं. गटात कामं वाटून घेता येतात. तिने गाडी चालवावी, आकडे घ्यावेत, प्रोग्रॅम लिहावा. तोवर जवळच्या डॉक्टरकडे नेऊन स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकायची साधी तपासणी आहे. एक्स-रेची आज गरज दिसत नाही. छातीत शिट्टी वाजली, जिना चढताना धाप लागली किंवा रात्री खोकल्याने जाग आली तर थांबू नका. सिलिकोसिसची भीती तिच्या बाबतीत मनातून काढा. धुळीचा अपाय किती दाट आणि किती दिवस यावर ठरतो, आणि नीट हाताळलेल्या चार महिन्यांच्या प्रोजेक्टने तो होत नाही.

कपड्यांचं असं करा. तिचा एक जुना अंगरखा किंवा लॅब कोट कॉलेजातच राहू दे. घरी येईल ती जीन्स न झटकता बादलीत पाण्यात बुडवायची, इतर कपड्यांपासून वेगळी, आणि मग धुवायची. पावसात कपडे आत वाळत घालावे लागतात, तेव्हा तर धूळ आधी पाण्यात गेलेलीच बरी. आल्या आल्या केस ओल्या टॉवेलने पुसून घ्यावेत. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांत पाऊल न ठेवलेल्या बायका नवऱ्यांचे कपडे झटकून आजारी पडल्या, हा जुना आणि नोंदलेला इतिहास आहे. इथे तेवढं भय नाही, सवय मात्र तीच.

आता तुमच्या पत्रातलं कंसात घालण्यासारखं वाक्य. 'पण तो जुनाच.'

यजमान म्हणतात, धूळ खाल्ली, काय झालं? काय झालं ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही, कारण कुणी बघितलेलंच नाही. आपल्याकडचं लोहखनिज ज्या पट्टेदार दगडातून येतं त्यात लोखंडाबरोबर क्वार्ट्झच असतं. नुसत्या लोखंडाच्या धुळीने एक्स-रेवर ठिपके दिसतात, पण श्वासाला सहसा फार बाधा येत नाही. क्वार्ट्झ मिसळलं की गोष्ट बदलते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लोकांना वाटलं की धूळही थांबली. फुप्फुसात गेलेली थांबत नाही. सिलिकोसिस काम सुटल्यानंतरही पुढे सरकतो. ते ठेकेदाराच्या गाडीवर असतील तर खाण कामगारांची नियमित तपासणी त्यांच्या वाट्याला आली असेलच असं नाही.

मी स्वतः यात चुकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे ओट्याचे दगड कापणारा एक माणूस येत असे. खोकला, वजन उतरलेलं. क्षयाची औषधं दिली, थोडा बरा झाला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला त्याच्या बायकोने सहज सांगितलं की घरी येतो तेव्हा याच्या पापण्या पांढऱ्या असतात. तोवर मी त्याला काम विचारलंच नव्हतं. केसपेपरवर 'मजूर' लिहून मोकळी झाले होते.

म्हणून यजमानांना छातीच्या डॉक्टरकडे न्या. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्या किंवा तुम्हाला सोयीचं पडेल तिथे. दोन आठवड्यांहून जास्त दिवसांचा खोकला असला की थुंकी तपासायची, हा सरकारी क्षय कार्यक्रमाचा नियमच आहे, आणि जुना खोकला त्यातून सुटत नाही. सोबत एक्स-रे आणि स्पायरोमेट्री. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगायचं: अमुक वर्षं टिप्पर चालवला, काच खाली करून की वर करून, ताडपत्री होती की नव्हती, विडी ओढतो की नाही. विडीचं तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असतील तर ती आज सुटली पाहिजे.

राहिली बरणी. टाकू नका, पोरीचा हिरमोड होईल. पण देखाव्यात कोरडी पसरायची नाही. चवथीला घरात माणसं, पोरं, आरतीच्या टाळ्या, मूर्तीशेजारी टेबलफॅन, आणि पाच दिवस ते सगळं त्या पुडीवर! बरणी उघडायच्या आधी नाकाला मास्क लावा, मग झाकण हळूच काढून आत पाणी ओता आणि काडीने कालवा. पूड पूर्ण भिजली की त्यात फेव्हिकॉल घाला, दाट भज्यांच्या पिठाइतकं होऊ द्या, आणि थर्माकोलवर नाहीतर पुठ्ठ्यावर थापा. ओलं असतानाच वाटीच्या बुडाने, लिंबाने, गोटीने ठसे उमटवले तर छान खड्डे दिसतात. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस धरा. वाळल्यावर ओल्या बोटाने घासून बघा. बोटाला राखाडी लागलं तर वरून फेव्हिकॉलच्या पाण्याचा आणखी एक हात द्या, मगच यान ठेवा.